चित्र संपल्यावरचा आवाज

आमच्या घरात आईचे मुकाट्याने ऐकणारे एकच यंत्र होते, ते म्हणजे तिच्या खोलीतला जुना डीव्हीडी प्लेअर. संगणकाचा माऊस तिच्या थरथरत्या बोटांना दाद देत नसे. मोबाइलचा पडदा तिला काडेपेटीएवढा वाटे. चकती मात्र ती स्वतःच्या हाताने मऊ फडक्याने पुसून आत सरकवी, आणि ट्रे मिटताना होणाऱ्या लहानशा आवाजाने प्रसन्न होई. म्हणून धाकटीचा कार्यक्रम तिला चकतीवरच हवा होता.

धाकटी माझी बहीण. गात असे. गेल्या हिवाळ्यात ती गेली आणि तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्या अखेरच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण इंटरनेटवर ठेवले. ते डाउनलोड करायचे, प्लेअरला पचेल अशा स्वरूपात आणायचे आणि डीव्हीडीवर उतरवायचे, एवढेच काम.

"तुला एवढं तरी जमेल ना गं?" आई म्हणाली.

त्या 'एवढं तरी'त आमचे सारे बालपण सामावले होते. धाकटीने गावे आणि मी खुर्च्या मांडाव्यात. तिला टाळ्या पडाव्यात आणि मी पाण्याचा पेला घेऊन पडद्याआड उभे राहावे. ती गेल्यावर मला वाटले होते की... हे वाक्य पुरे करायला मला आजही शब्द सापडत नाही, आणि एरवी शब्दांसाठी मी अडत नाही.

फाइल प्रथमपासूनच हटवादी निघाली. रूपांतर अर्ध्यावर थांबे. कसेबसे पुरे झालेच, तर ओठ आणि आवाज यांची फारकत झालेली असे. आरंभी केसभर अंतर. पुढे पुढे तर धाकटी ओठ मिटून श्रोत्यांकडे हसून पाही, तरी तिचा स्वर येतच राही. शेवटी ती फाइल मी शाळेत नेली. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आमचे संगणकाचे सर कोणत्याही यंत्राविषयी सासरच्या माणसांविषयी बोलावे तसे बोलतात.

"बाई, ही लहरी आहे," ते म्हणाले. "चित्रांचा वेग बघा हिचा. मनात आलं की पळते, मनात आलं की रेंगाळते. डीव्हीडीला असली थेरं चालत नाहीत, तिथं एकच ठरलेली चाल लागते. आधी वेग स्थिर करा, आवाज वेगळा काढा, मग हातानं जुळवा."

"हातानं कसा जुळवणार?"

"म्हणजे डोळ्यांनी हो. ओठ वाचायची विद्या तुमची, आमची कुठली! आणि शेवटी काही कचरा उरला तर कापून टाका. फाइलला शेपूट राहतं कधीकधी."

तसे केले. प, ब, म हे वर्ण उच्चारताना ओठ मिटतात. धाकटीचे ओठ जिथे मिटलेले दिसत, तिथे तो वर्ण आणून बसवायचा. मग आजूबाजूचे शब्द आपोआप जागेवर येत. रविवारची दुपार होती. उजेड पडद्यावर येऊ नये म्हणून मी खिडकी झाकली होती. खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास होता, आणि पलीकडून आईच्या गुडघ्यांना चोळलेल्या मलमाचा. मी धाकटीचे ओठ पाहत होते, पुन्हा पुन्हा, एकेक चित्र थांबवून. इतक्या जवळून, इतका वेळ मी तिच्याकडे कधीच पाहिले नव्हते. हसताना तिच्या ओठाचा डावा कोपरा आधी उचलला जाई. तो आईचा होता. माझे ओठ कोणाचे, हे घरात कोणी कधी बोलले नाही.

गाणी जागेवर बसली. धाकटीने मान लववली, पडदा पडला, चित्र संपून काळे झाले.

आणि आवाज उरला.

सारे जुळलेले असताना तो उरावा कुठून? प्रथम तिचा तो कोरडा खोकला आला. मग कोणीतरी बैठक सावरून बसावे तशी सळसळ... मग नुसता श्वास. मी हेडफोन काढून ठेवला. कापायला हात उचलला होता, पण आई दाराशी येऊन म्हणाली, "अजून झालं नाही? धाकटीनं केव्हाच केलं असतं." मग मी काहीच कापले नाही. चकती तशीच उतरवून तिच्या हातात दिली.

पुढे रोज दुपारी शाळेतून आले की आईच्या खोलीतून बोलणे ऐकू येऊ लागले. गाणे नव्हे, बोलणे. मध्येच आईचे हसू, अगदी मोकळे.

"कोणाशी बोलत होतीस?" मी एकदा विचारले.

"धाकटीशी. गाणं झालं की जरा टेकते ना ती."

"आई..."

"अशी काय बघतेस? चकती तूच करून दिलीस ना?"

आईची बुद्धी शाबूत आहे, हे तुम्हांला सांगायला हवे. शब्दकोड्यात ती अजून माझ्या चुका काढते.

ती मलम चोळून डोळे मिटून पडली, तेव्हा मी संगणकावर ते शेपूट ऐकले. खोकला, श्वास, आणि मग धाकटी म्हणाली, "आई, जेवलीस का गं?" नंतर विराम, एक उत्तर नेमके मावेल एवढा. "खोटं नको बोलूस." पुन्हा विराम. मग दोघींना पुरेल असे हसू. मी चित्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचून काढले. हे शब्द कार्यक्रमभर तिच्या ओठांवर एकदाही आलेले नव्हते.

मला भय वाटायला हवे होते. वाटली ती असूया. त्या विरामांत आईसाठी जागा राखलेली होती आणि आई तिथे नेमकी जाऊन बसत होती. मी पुन्हा पुन्हा ऐकले. कुठेतरी 'ताई काय करते?' असे येईल, निदान एकदा... आले नाही. औषधे मी देत होते, पाय मी चेपत होते आणि आई राखून ठेवलेले हसू त्या काळ्या पडद्यापुढे सांडत होती.

दुसऱ्या दिवशी मी मायक्रोफोन जोडला. शेपटातला धाकटीचा आवाज समूळ पुसला आणि त्या जागी माझा घातला. काय बोलावे ते बराच वेळ सुचेना. अखेर इतकेच म्हणाले, "आई, मी थोरली. मी पण आहे इथं." नवी चकती प्लेअरजवळ ठेवली. जुनी मोडली, तुकडे कागदात गुंडाळून रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकले.

त्या दुपारी मी मुद्दाम लवकर आले आणि आईच्या दाराबाहेर उभी राहिले. आत गाणे संपले. टाळ्या विरल्या. चकती फिरल्याची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"आई, मी थोरली. मी पण आहे इथं."

"अगंबाई!" आई म्हणाली. "आज तूसुद्धा?"

माझे बोलणे तिथेच संपत होते. मी त्यापुढे एक अक्षरही भरले नव्हते. पण माझा आवाज म्हणाला, "बसू दे की मलाही जरा." आणि मागून, काहीशी दूर असल्यासारखी, मी पुसून टाकलेली धाकटी म्हणाली, "ये ना ताई. सरकते मी."

तिघी हसल्या. मी तशी हसत नाही. मला तसे हसता येत नाही.

"किती गोड बोलतेस गं," आई म्हणत होती. "घरात नुसती फणकारत असतेस."

"ती घरातली ना?" माझा आवाज म्हणाला. "ती वेगळी, आई."

मी दार ढकलले. आई पडद्याकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर, मान किंचित पुढे. खोलीत मलमाचा उग्र दर्प होता. "आई," मी म्हणाले. माझे ओठ उघडले, जीभ हलली, छातीतला श्वास बाहेर आला. शब्द मात्र उमटला नाही. आईने वळून पाहिले नाही.

थोड्या वेळाने तो पलीकडून आला... स्पीकरमधून. "आई."

आणि आईचा चेहरा उजळला. ती नजर मी जन्मभर मागत आले होते. "काय गं माझ्या राणी?" ती त्या काळ्या पडद्याला म्हणाली.

ती चकती मी काढून घेतलेली नाही. कशी घेऊ? दुपारी त्या दारामागे माझे कौतुक चालते. मी बाहेर उभी राहून ते ऐकते, आणि जिचे कौतुक चालते तिचा मला मत्सर वाटतो. आत मात्र पुन्हा गेले नाही.

माझा आवाज त्याच दिवशी संध्याकाळी परत आला; तुम्ही तो ऐकताच आहात. शाळेतही कोणाला काही वेगळे जाणवले नाही. फक्त परवा शिक्षकांच्या खोलीत मी नुसती बसले होते, खिडकीबाहेर पाहत, गप्प. समोर आमच्या चित्रकलेच्या बाई होत्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या ओठांवरूनच सारे जाणतात. बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी हातांनी विचारले, "तुम्ही गाणं शिकलात कधी?"

"मी? मला सूरसुद्धा लागत नाही हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवले. मी बोलून थांबले होते, तरी त्यांची नजर तिथून हलली नव्हती. एखादी ओळ संपायची वाट पाहावी तशी.