व्याह्याच्या मिशीची नोंद

भादव्यातला पाऊस होता. केनवडच्या बसथांब्याच्या पत्र्याखाली बाजाराला आलेली माणसं, त्यांच्या ओल्या पिशव्या आणि एक बकरी उभी होती. बकरी सोडून सगळे वाशिमच्या एसटीची वाट पाहत होते. रूपा कानात हेडफोन घालून समोर बघत होती. समोर एक तरुण उभा होता, म्हणून ती त्याच्याकडे बघत होती. एवढंच.

"राग," ती म्हणाली.

तरुणानं मागे वळून पाहिलं. मागे बकरी होती. तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता.

"नाही... थट्टा," रूपा त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत म्हणाली. "नाही, नाही — रागच."

"मॅडम," तो म्हणाला, "माह्याबद्दल ठरवून राह्यल्या असान तर सांगतो, मले भूक लागली हाय. बाकी काही नाई."

तिनं हेडफोन काढला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. मग सांगणं भाग पडलं. वाशिमच्या कॉलेजात एक प्रकल्प चालला होता. बायकांची लग्नातली गाणी ऐकून संगणकावर उतरवायची आणि प्रत्येक शब्दाला खूण लावायची. हे गावाचं नाव, इथं गाणारी थांबली, इथं हसली, इथला भाव रागाचा का थट्टेचा. जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला ती खूण एकाच अर्थानं कळावी म्हणून नियम ठरवायचे. त्या नियमांची मार्गदर्शिका रूपा लिहीत होती.

"म्हंजे गाणं आमचं, आन् समजणार संगणकाले?"

"आधी संगणकाले. मंग अभ्यासकाले."

"आन् बाईले?"

"तिले माहीतच असते ना."

तो हसला. नाव सांगितलं, संघदीप. केनवडातच ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करायचा. त्यानं हात पुढे केला. हस्तांदोलनासाठी नव्हे, हेडफोनचा एक कान मागायला. रूपानं दिला. वायर आखूड होती, त्यामुळे दोघांना जवळ उभं राहावं लागलं. हा दोष वायरचा.

*व्याह्याच्या मिशीले तूप गं लावलं,*
*घरातलं मांजर चाटाले धावलं...*

संघदीप एवढ्यानं हसला की बकरी दचकली. "थट्टा हाय थे!"

"राग हाय. आवाज किती कडक हाय, पाहा ना!"

"आवाज पाहू कसा? ऐकून राह्यलो."

एसटी आली. दोघं भांडत चढले आणि वाशिम येईपर्यंत व्याह्याच्या मिशीवरून उतरले नाहीत.

प्रकल्पाचे प्रमुख रतनसिंग राठोड सर पोहरादेवीकडचे. त्यांना दुसरा खूणकरी, म्हणजे खुणा लावणारा, हवा होता, कारण आधीचा बँकेत लागला होता. रूपा म्हणाली, "सर, एक माणूस आहे. चुकीचं ऐकतो, पण फार आत्मविश्वासानं ऐकतो."

"अभ्यासकच झाला मग," सर म्हणाले. "बोलाव."

कामाची रीत अशी होती. एकच गाणं दोघांनी वेगवेगळं ऐकायचं आणि एकमेकांना न विचारता खुणा लावायच्या. खुणा जुळल्या तर नियम स्पष्ट लिहिलाय असं समजायचं. नाही जुळल्या तर दोष लिहिणाऱ्याचा. एकमेकांचं दिसू नये म्हणून मधे लोखंडी कपाट. गाण्याबद्दल बोलायला सक्त मनाई.

म्हणून ती दोघं बाकी सगळ्याबद्दल बोलली.

"रूपा मॅडम," कपाटापलीकडून आवाज यायचा, "तुमी चहात साखर टाकता का नियम?"

"तुमी आधी शर्टाचं बटन लावा."

"दिसून राह्यलं का इकडचं?"

"नाई... सकाळी दिसलं होतं."

खिडकीबाहेर सोयाबीनवर पाऊस पडत राहायचा, आणि दोघंही तो फार बारकाईनं ऐकायचे. त्याला मात्र खूण लावायची नव्हती. महिन्याभरात 'तुमी'चं 'तू' कधी झालं, हे दोघांपैकी कुणीच नोंदवलं नाही. नोंदी करणं हेच त्यांचं काम असूनही.

संघदीप वाटेल ते बोलायचा. रूपाच्या वेणीवर, चपलेवर, टिफिनमधल्या वांग्याच्या भाजीवर. फक्त मुद्द्याचं एक वाक्य तेवढं बोलायचा नाही.

खुणा मात्र जुळेनात. रूपा जिथं 'राग' लिही, तिथं संघदीप 'थट्टा'.

दसरा झाला. राठोड सरांनी दोघांना समोर बसवलं. "दिवाळीनंतर अभ्यासकांची बैठक आहे. तोवर जुळलं नाही, तर राग, थट्टा अशा भावांच्या खुणांचं प्रकरण मार्गदर्शिकेतून काढावं लागेल. बैठकीपुढं नुसते शब्द जातील, भाव जाणार नाही. आणि संघदीप, मग दुसऱ्या खूणकऱ्याचं कामही उरणार नाही."

"पुण्याहून एका कंपनीचा फोन आला व्हता," संघदीप म्हणाला. कुणाकडेही न पाहता म्हणाला.

रूपा खुर्चीत पुढं सरकली. मिशीचं गाणं तिच्या आईचं होतं. किन्हीराजाच्या लिलाबाईंचं. आपल्या आईचा राग आणि थट्टा तिला आजवर वेगवेगळी ओळखता आली नव्हती, हा भाग निराळा. "सर, नुसते शब्द गेले तर वाचणाऱ्याले वाटल, ह्या बायका लग्नात जाऊन भांडतात..."

"म्हणून तर म्हणतो, जुळवा. पुन्हा ऐका."

दोघांनी पुन्हा ऐकलं. पार मन लावून. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला, आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"रूपा, मागच्या वेळी तू सगळीकडे 'राग' लिहिलं होतंस. आता सगळीकडे 'थट्टा'."

"हो सर. आता मला तसंच ऐकू येतं."

"आणि तू, संघदीप? मागं सगळी थट्टा होती."

"सर... नीट ऐकलं तर बाई चिडून राह्यली वाटते."

"म्हणजे तू तिच्या कानानं ऐकलंस आणि तिनं तुझ्या," सर म्हणाले. "मतभेद होता तसाच राहिला, माणसं मात्र जागा बदलून बसली. याच्यावर मी बैठकीत काय सांगू?"

सर रूपाकडे वळले.

"एक सांग," सरांनी विचारलं, "आई गात होती तेव्हा समोर कोण होतं?"

"कोणी नाही सर. चुलीपाशी फोन ठेवला होता."

"फोनले? अगं, हे गाणं मुलाकडच्यांना म्हणतात. फोनले कोण टोमणे मारते? रिचार्ज संपल्यावर मारत असतील, ती गोष्ट वेगळी. नेम कुणावर ते माहीत नाही, तर बाण रागाचा का थट्टेचा, कसं सांगता येईल?"

रूपाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मार्गदर्शिकेत गाणारीचं नाव होतं, गाव होतं, तारीख होती. कोणाला म्हटलं, याची जागाच तिनं ठेवली नव्हती!

दुसऱ्या दिवशी ती संघदीपच्या मोटरसायकलवर बसून किन्हीराजाला गेली. मागच्या कॅरिअरला धरून बसली होती... वाटेतल्या मालेगावच्या खड्ड्यापर्यंत. पुढं खांद्याला धरलं.

लिलाबाईंनी शेजारणी गोळा केल्या. "आता व्याही कोन?"

"हा बसते," रूपा म्हणाली.

संघदीप खुर्चीत बसला. लिलाबाईंनी त्याला वरून खाली पाहिलं, पदर खोचला, आणि सुरू झाल्या. मिशी झाली, मग नाक, मग ऐनवेळी जोडलेलं एक नवं कडवं.

*नवरदेव निंघाला फटफटीवर,*
*पेट्रोल सरलं अर्ध्या वाटेवर!*

पहिल्या ओळीला आवाज कडक असायचा. संघदीपनं मान खाली घातली, की दुसऱ्या ओळीत तोच आवाज खिदळत फुटायचा. शेजारीण टाळी द्यायची. पोरगी द्यायची म्हणून चढलेला पारा, आणि ज्याला द्यायची तो कान धरून ऐकतोय म्हणून आलेलं हसू. दोन्ही तिथंच होती, ओळीओळीला.

ओसरीवर दोघं पाठीला पाठ लावून बसली आणि खुणा लावल्या. कागद जुळले. एक खूण सोडून सगळ्या जुळल्या. पेट्रोल सरलं तिथं संघदीपनं 'राग' लिहिलं होतं.

"थ्यो गाणारीचा नाई, माहा राग हाय," तो म्हणाला. "गाडी कधी बंद नाई पडली."

रूपानं फोन केला. सर ऐकून म्हणाले, "प्रकरण मार्गदर्शिकेत राहिलं. नियम लिहून पाठव — गाणं कोणाला उद्देशून, हे आधी नोंदवावं." फोन ठेवला.

अंगणात पोरीबाळी चुळबुळत होत्या. एक शेजारीण म्हणाली, "काम झालं तुमचं. पन व्याही बसवला, नवरदेव झाला... नवरी कोन, थे तं कोनी सांगतलंच नाई."

सगळ्यांनी एकदम कुठंतरी दुसरीकडे पाहिलं. संघदीपनंही. गप्पांना कधी शब्द कमी न पडलेला माणूस खुर्चीचा हात खाजवू लागला.

रूपानं फोन पार बंद करून बाजूला ठेवला. पदर नव्हता, म्हणून ओढणी खोचली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि आईच्याच चालीत म्हणाली —

*केनवडचा पोरगा गप्पांत भारी,*
*मागणी घालाले येईना दारी!*

लिंबावरचा पाऊस तेवढा थेंब थेंब गळत होता. रूपाची नजर हलली नाही. संघदीप तांब्यातलं पाणी प्यायला.

"बोल की रे बाबू," लिलाबाई म्हणाल्या. "बाईनं म्हनलं की पुरुषाले जवाब द्या लागते."

"येतो," तो म्हणाला. आवाज बसला होता. "पुण्याले नाई म्हणून सांगतो... आन् येत्या रविवारी येतो. आई-बाबाले घेऊन."

लिलाबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहरा कडक होता.

"रविवारी आमच्या नळाले पानी नसते," त्या म्हणाल्या. "सोमवारी या."