थांबलेलं जहाज

दिवा बारीक करा, पोरांनो. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कप्तान पास्कोला मी चांगला ओळखत होतो. त्याच्या ‘लेडी मॉरवेन’ची शिडं मीच शिवायचो.

जूनमधला शेवटचा शनिवार होता. पोर्ट ॲडलेडला ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी, आभाळात चंद्र नाही. पास्को नदीत बांधून ठेवलेल्या त्याच जहाजावर रात्रीच्या राखणीला निघाला होता. त्याची बायको लव्हडे, तिनं मटण-बटाट्याची पेस्टी फडक्यात बांधून दिली.

“अहो, आज घरीच झोपा की. डोलकाठ्या तोडल्या, पोटात कोळसा भरला. आता काय पळून जाणार आहे ते?”

“नाही ना पळत,” पास्को म्हणाला. “तेच तर.”

जुन्या दिवसांची हळहळ असेल, असं तिला वाटलं. तिला बिचारीला काय ठाऊक!

एके काळी लोकर घेऊन लंडनला जाणाऱ्या जहाजांत लेडी मॉरवेनचा हात धरणारं कुणी नव्हतं. लिलावाला जो पहिला पोचेल त्याची चांदी. वारा फार वाढला की खलाशी घाबरून शिडं उतरवतात, म्हणून काही कप्तान शिडांच्या दोरांना चक्क कुलपं घालायचे. पास्कोही घालायचा, आणि किल्ली गळ्यात ठेवायचा.

तशात एका फेरीला केप हॉर्नजवळच्या बर्फाळ समुद्रात जोरी डोलकाठीवरून पाण्यात पडला. जोरी म्हणजे लव्हडेचा धाकटा भाऊ. तिनंच त्याला नवऱ्याच्या हवाली केलं होतं. पोरगा पट्टीचा पोहणारा. वर आला आणि ओरडला, “दाजी! थांबवा!”

“किल्ली द्या, कप्तान!” खलाशी धावत आले. “शिडं उतरवल्याशिवाय थांबायचं नाही हे!”

पास्कोचा हात गळ्याशी गेला. त्यानं मान वर करून शिडांकडे पाहिलं.

“वारा मस्त आहे,” तो म्हणाला.

किल्ली दिली नाही. लंडनला पहिला नंबर आला. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, छोटी बोट पाण्यात सोडली होती, अंधार पडेपर्यंत शोधला. ती त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. “तुम्ही होतात तिथं, तेवढंच समाधान,” म्हणाली. आणि या गृहस्थानं ते ऐकून घेतलं! बरोबरचे खलाशी लंडनलाच पांगले, खरं सांगायला इकडे कुणी आलंच नाही.

पुढच्या फेरीला एका रात्री वारा पडला. जहाजामागून, खूप लांबून, हाक आली. “दाजी...” वारा सुटला तशी ती मागे पडली. त्यानंतरच्या फेरीला हाक जरा जवळून आली. मग पास्को जहाज असं पिटाळायला लागला की वर्तमानपत्रांनी त्याला धाडसी कप्तान ठरवलं. डोंबलाचं धाडस! ढुंगणाला पाय लावून पळत होता तो.

मग आगबोटी आल्या. जहाज भंगाराच्या भावात गेलं, कप्तान दारूत गेला. हे सगळं त्यानंच एकदा दारूच्या भरात मला सांगितलं. नव्या मालकानं जहाज नदीत बांधून त्याचं कोळशाचं कोठार केलं. माणूस खवचट. “तुझंच जहाज आहे, तूच राख,” म्हणाला. समुद्र तर लांब राहिला, नदीत कोण येतंय, असं म्हणून पास्कोनं ते काम घेतलं.

त्या शनिवारी त्यानं केबिनमधली शेगडी पेटवली. अर्धी पेस्टी खाल्ली. नदी गप्प होती.

मग पाण्यात कुणीतरी हात मारल्याचा आवाज आला. दमलेला. सावकाश.

पास्कोनं आतून कडी लावली.

शेजारच्या जहाजावरचा राखणदार ओल्सेन कठड्याला धरून उभा होता. पुढचं सगळं त्यानं ऐकलं. पुन्हा काही तो रात्रीचा नदीवर गेला नाही.

“दाजी... थांबलात होय शेवटी?”

...

“किती पोहायला लावलंत.”

“जोरी...” आतून आवाज आला. “माझा इलाज नव्हता रे. वारा...”

“मस्त होता ना?”

...

“ताईला काय सांगितलंत?”

आतून शेगडीत कोळसा लोटल्याचा आवाज.

“बोट सोडली म्हणालात?”

...

“उघडा, दाजी. फार गारठलोय.”

मग पावलं. ओली. डेकवरून केबिनकडे.

मग काहीच नाही.

उजाडल्यावर ओल्सेननं लव्हडेला सगळं सांगितलं, शब्द न शब्द. ती आमच्याबरोबर बोटीत बसून आली. केबिनची कडी आतून तशीच होती. आम्ही दार फोडलं.

शेगडी लालबुंद पेटलेली. पास्को तिला जवळजवळ मिठी मारून बसला होता. मेलेला. दाढीत बर्फ.

कुणीतरी त्याच्या तोंडावर फडकं टाकायला गेलं. लव्हडेनं हात धरला. “असू द्या,” म्हणाली. “दिसू दे सगळ्यांना.”

डॉक्टर दुपारी आला. तोवर पास्को शेगडीपाशीच होता, आणि बर्फ वितळला नव्हता. मी बर्फाला बोट लावून ते जिभेला लावलं.

खारट.

आमच्या नदीत, पोरांनो, आजवर कधी बर्फ झालेला नाही.