पाठ फिरवून निवडलेला पियानो

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही. मीही नाही. गेली वीस वर्षं मी पियानो शिकवते आणि चुकीचा सूर कानावर पडला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मग तो समोरच्या विद्यार्थ्याचा असो की वरच्या मजल्यावरच्या नळाचा.

लेकीलाही मीच शिकवलं, तेही स्वयंपाकघरातून. तिने बाहेरच्या खोलीत वाजवायचं आणि मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकायचं. वळून बघायची गरजच नव्हती. कुठलं बोट घसरलं ते मला कानाने कळे. "चौथं बोट. परत, पहिल्यापासून." एक दिवस अशाच एका 'परत'नंतर तिने झाकण लावलं आणि पुन्हा वाजवणार नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, दोन दिवसांचं नाटक आहे. वर्ष गेलं. त्या वर्षात जुन्या पियानोच्या खुंट्याही ढिल्या पडल्या, सूर ठरेना, तेव्हा तो काढून टाकला. रिकाम्या भिंतीकडे बघून मी रोज धुमसत होते. त्या पोरीच्या हातात जे होतं ते माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या हातात नव्हतं, आणि ते असं वाया जात होतं.

मग एका सकाळी तीच म्हणाली की नवा घ्या, मी वाजवीन, पण निवडणार मी.

दुकान म्हणजे एक लांबलचक खोली होती, जमिनीवर राखाडी गालिचा, आणि टोकाच्या भिंतीला लागून चार उभे पियानो. नवरा टेप घेऊन आला होता. जिन्याच्या वळणातून वर जाईल की नाही, एवढी एकच काळजी त्याला होती. दुकानदार लाकडाच्या चकाकीबद्दल बोलत सुटला. मला पियानो हवाय, कपाट नको, असं सुनावून मी त्याला गप्प केलं.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि पियानोच्या दुकानात तर फारच फसतं. लोक पॉलिशवर भाळतात. म्हणून पियानो निवडायची माझी एक पद्धत आहे. ज्याला घ्यायचा त्याला पाठमोरं बसवायचं आणि एकच छोटी धून मी प्रत्येकावर वाजवायची. मी लेकीला दाराकडे तोंड करून खुर्चीत बसवलं. पहिला पियानो कर्कश होता. दुसऱ्याचे खालचे सूर रिकामा डबा बडवल्यासारखे. तिसरा बरा, चौथ्याच्या पट्ट्या जड. त्याचं झाकण लावून मी तिच्याजवळ आले आणि कुठला ते विचारलं.

"पाचवा," ती म्हणाली.

इथे चारच आहेत, मोजता येत नाही का, असं मी करवादले. ती वळली. भिंतीकडे बघून तिचा चेहरा पडला.

"शेवटी वाजवलास तो," ती म्हणाली. "तो वाजवताना तू चिडलेली नव्हतीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या खोलीत कुणाला बसवून ठेवलंय, असं मी दुकानदाराला विचारलं. त्याने मुकाट्याने मागचं दार उघडून दाखवलं. आत झाडू, बादली आणि जुनी खोकी होती. मग मी स्वतः त्या खुर्चीत बसले आणि नवऱ्याला वाजवायला लावलं. त्याने एका बोटाने, अडखळत, चारही पियानोंवर माझी धून कशीबशी पार पाडली. त्यानंतर धून पुन्हा सुरू झाली. दोन्ही हातांनी, सावकाश, माझ्यापेक्षाही नितळ. पोरीला खूश करायला हा कधी शिकला, म्हणून मी आणखीच चिडले.

"पुरे आता," मी न वळता ओरडले.

"मी केव्हाच आलोय," नवरा माझ्या कानाशी म्हणाला.

त्याच्या हातातला टेप सटकन आत गेला. मागे सूर अजून विरत होता. वळून पाहिलं तर चारही झाकणं बंद.

घाबरले की मी चिडते. तिसरा बांधून द्या, असं मी दुकानदाराला फर्मावलं. सुरुवातीला टकळी चालवणारा तो माणूस आता नजर चुकवत होता. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा एवढंच पुटपुटला, "बाई, आमच्याकडे पाठ फिरवून कुणी निवडत नाही."

तिसरा घरी आला, भिंतीशी नीट बसला, सुरातही लागला. लेकीने त्याला बोट लावलं नाही. शाळेतून आली की ती त्याच्याकडे पाठ करून सोफ्यावर बसे आणि गुडघ्यांवर हलकेच बोटं चालवी. काय ऐकतेस विचारलं तर काही नाही म्हणे. मी बोलले, नको ते बोलले. तुटेपर्यंत ताणू नकोस, असं नवरा सांगत राहिला, आणि मी त्याच्यावरही घसरले.

परवा संध्याकाळी मी ओट्याशी भांडी विसळत होते आणि बाहेरच्या खोलीत पियानो वाजू लागला. वर्षापूर्वी तिने अर्धवट सोडलेली तीच रचना. माझे डोळे भरून आले. मी नळ बंद केला, पण वळले नाही. वळले तर ती थांबेल. आज तोंडातून ब्र काढायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं.

ते फार टिकलं नाही. जिभेला हाड नाही म्हणतात ते खरं.

"चौथं बोट. परत."

वाजवणं थांबलं. मग पहिल्यापासून सुरू झालं, आणि ती जागा बिनचूक आली. पेडल लवकर उचल म्हटलं, लगेच उचललं गेलं. डावा हात हलका म्हटलं, हलका झाला. इतकं ऐकणारा विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. मला जोर चढला. शेवटाकडे एक सूर निसटला आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "लक्ष कुठाय तुझं?"

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं.

लेक आत आली. खांद्यावर दप्तर, पायात बूट.

बाहेर पियानो वाजतच होता.

तिने माझा ओला हात धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे, बाहेरच्या खोलीकडे बघत होती.

"आई, त्याच्यावर नको ओरडूस," ती अगदी हळू म्हणाली. "त्याला सवय नाहीये."

वाजवणं मध्येच थांबलं.

मग, कुणी उठताना सरकवावं तसं, स्टूल मागे सरकलं.