सित्रोएनखालचं लिंबू

"बारा वाजता माझ्या नवऱ्याला कोर्टात नेतील, मॅडम. त्यांनी न्हाई केलं हो."

केवळाबाईनं उपनिरीक्षक महामाया यांचे पायच धरले. साडेदहा वाजले होते.

काल शनिवारी, दिवस मावळताना, जळकोट रस्त्यावर एका जुन्या परदेशी गाडीनं भाजीवाल्या उमाबाईला उडवलं आणि गाडी न थांबता पळाली. उमाबाई नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होती. अशा गाड्या या भागात दोनच, दोन्ही लातूरच्या शिवशंकरअप्पांच्या शेडमध्ये. त्यातल्या अमेरिकन शेवरोलेचा दिवा फुटलेला सापडला आणि तिचा ड्रायव्हर व्यंकट, केवळाबाईचा नवरा, कोठडीत गेला.

अटकेच्या कागदावर सही महामायांचीच होती. तेच त्यांना खात होतं. केवळाबाईला घेऊन त्या शेडवर आल्या.

शेवरोलेच्या दिव्याची सगळी काच गाडीखालीच पडली होती, बंपरला लिंबू-मिरची लोंबत होती. शेजारची फ्रेंच सित्रोएन पोट जमिनीला टेकवल्यासारखी बसली होती.

"ही अशी का?"

"हिला स्प्रिंगा न्हाईत, मॅडम," अप्पा म्हणाले. "तेलाच्या दाबावर उभी ऱ्हाती. इंजिन चालू केलं की उठती, बंद केलं की काही तासांत बसती. अमेरिकन गाडी कायम उभीच."

"व्यंकट चालवतो हिला?"

"छे. क्लच न्हाई, ब्रेकच्या जागी बटण. माझ्याशिवाय कुणाला जमत न्हाई. पण दोन महिने झाले, बंद पडून हाय."

"लिंबू-मिरची कोण बांधतं?"

"मीच. दर शनिवारी, दोन्ही गाड्यांना. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई."

"काल बांधली?"

"हाव."

महामाया सरळ फरशीवर आडव्या झाल्या. दोरा सित्रोएनच्या बंपरमागे, पार आतल्या दांडीला बांधला होता. लिंबू फरशीवर लोळत होतं. मिरच्या अजून हिरव्यागार होत्या. त्यांनी हात आत घातला. तो मनगटाशी अडकला.

त्या उठल्या. "अप्पा, किल्ली लावा."

"बॅटरी गेलीया..."

"लावा."

पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. सित्रोएन हळूहळू वर उठली. लिंबू फरशीवरून उचललं गेलं आणि हवेत लोंबू लागलं. अप्पांनी खिडकीतून वाकून खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गाडी बसलेली असताना तिथं हात पोचत नाही," महामाया म्हणाल्या. "म्हणजे काल तुम्ही दोरा बांधलात तेव्हा ती उभी होती. नुकतीच फिरून आली होती. ती तुमच्याशिवाय कुणालाच चालवता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. आणि शेवरोलेनं धडक दिली असती तर काच रस्त्यावर सांडली असती. दिवा तुम्ही इथं फोडलात, गुन्हा गरिबाच्या गळ्यात घालायला."

अप्पांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात मात्र सुटेनात.

"पस्तीस वर्षं जपली हिला," ते पुटपुटले. "गाडीला कुणाची तरी नजर लागली वाटलं. म्हून आल्या आल्या पहिलं लिंबू बांधलं."

महामायांनी ठाण्याला फोन लावला. "व्यंकटला थांबवा. कोर्टात नेऊ नका. मी येतेय."

केवळाबाई रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. गाडीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"उमाबाई तिकडं रस्त्यात पडली होती, अप्पा," ती म्हणाली. "आन् तुमी गाडीची नजर काढत बसलाव."