रद्दी नावाचा फोल्डर

"हळू बोल रे भोंग्या! आई वाचतेय!"

"हळूच तर बोलतोय!" भोंगा म्हणाला. त्याचं ते 'हळूच' तीन घरं पलीकडे नक्की पोचलं असणार.

टाचणीनं कपाळाला हात लावला. सहामाहीची सुट्टी नुकती लागली होती, आणि दोघं भावंडं स्वयंपाकघराच्या फरशीवर नकाशा पसरून बसली होती. दुसऱ्या दिवशी मामाची मुलगी येणार होती. ती वाणसामान घेतानाही उलटतपासणी घ्यायची, म्हणून तिला सगळे 'वकील' म्हणत. ती आली की कालव्याच्या काठाकाठानं बंद पडलेल्या गिरणीपर्यंत जायचं, असा बेत होता.

आतल्या खोलीचं दार करकरलं. बाहेरचा आवाज अडवायला दाराशी आतून टांगलेल्या दोन जाड रजयांमधून आईचं तोंड बाहेर आलं.

"इतिहासाच्या पुस्तकात आत्ता कुठे तह झाला होता," आई म्हणाली. "तुमच्या आरोळीनं पुन्हा लढाई पेटली! हे पान गेलं रद्दीत."

अंध विद्यार्थ्यांच्या वाचनालयासाठी आई पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. मग बसून सगळ्या चुका, खोकले, भोंग्याच्या आरोळ्या कापून काढायची. स्वच्छ झालेला पाठ 'अंतिम' नावाच्या फोल्डरमध्ये जाई, तिथून वाचनालयाकडे. कापलेले तुकडे मात्र 'रद्दी' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहत.

"पुसून का नाही टाकत ते?" टाचणीनं एकदा विचारलं होतं.

"टाकीन गं, सवड झाली की."

त्या दिवशी दारातून आणखी एक आवाज आला. टिक्... टिक्... खर्र.

"म्हातारा कुरकुरतोय," आई मागे कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, आणि दार लावून पुन्हा तहाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईच्या छातीत दुखू लागलं. तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. फरशीवरचा नकाशा कुणी उचलला, हे टाचणीला कधीच आठवलं नाही.

घर त्यानंतरही चाललं. पण दम लागलेलं माणूस जिना चढतं, तसं. औषधांच्या दुकानातून बाबा घरी येत आणि बूट न काढताच खुर्चीत बसून राहत. कपडे दोरीवरून निघत, पण घड्या व्हायच्या राहत. भोंगा अजूनही मोठ्यानं बोले, पण त्याला गप्प करायचं बळ कुणात नव्हतं, त्यामुळे त्याचाही उत्साह मावळला होता. मध्यंतरी कॉम्प्युटर दोनदा चालता चालता बंद पडला. बाबांनी फर्मान काढलं, "कुणीही हात लावायचा नाही. सवडीनं कुणाला तरी दाखवू." सवड काही झाली नाही.

वार्षिक परीक्षा संपली. मोठ्या सुट्टीत मामा आणि वकील राहायला आले. पोहायला जायचं ठरलं. जायचं म्हणून जायचं, इतकंच. पहिल्याच दिवशी परत आल्यावर वकील आतल्या खोलीत ओला टॉवेल वाळत घालायला गेली आणि तिथूनच ओरडली, "टाचणे! लवकर ये!"

"काय झालं?"

"या डब्याला हात लाव."

टाचणीनं कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा चांगला कोमट होता!

"बंदी आहे ना याला?" वकिलीणबाईंनी डोळे बारीक केले. "मग हा कुणासाठी तापलाय?"

"उन्हानं?" भोंग्यानं विचारलं.

"खिडकी उत्तरेला आहे, महाशय! साक्ष फेटाळली!"

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी गार, पोहून आल्यावर कोमट. वकीलनं आपल्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंना फोन लावला. बाईंनी टाचणीकडून टिक्-टिक् खर्रचं वर्णन ऐकलं आणि त्यांचा आवाजच बदलला.

"आत एक तबकडी गरगर फिरते, आणि तिच्यावरून एक बारीक टोक तरंगत अक्षरं वाचतं. ते टोक आता धडपडतंय. दरवेळी चालू केलंत की थोडं थोडं पुसलं जाणार. एक दिवस सगळंच जाईल. जाणकाराकडे देणं उत्तम. ते जमत नसेल, तर एकदाच चालू करा, आणि ज्याच्यावाचून चालणार नाही ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. काही पुसू नका, दुरुस्ती चालवू नका!"

टाचणी मटकन खाली बसली. आईचा आवाज ऐकायचं धाडस तिला अजून झालं नव्हतं. कधीतरी होईल, तोवर तो तिथे आहे, एवढ्यावर तिची भिस्त होती. आणि कुणीतरी रोज तो खरवडत होतं!

"पप्पाच असणार," वकील म्हणाली. "सख्ख्या बापावर संशय घेताना मला अत्यंत वाईट वाटतंय."

"तुझ्या तोंडावर तर दिसत नाहीये!" भोंगा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तिघांनी टॉवेल घेतले, "येतो!" असं ओरडून दार आपटलं, आणि मागच्या दारानं परत येऊन आतल्या खोलीत टांगलेल्या रजयांआड भिंतीला चिकटून उभी राहिली. रजयांना अजून आईच्या केसांच्या तेलाचा वास होता. टाचणीनं तोंडानं श्वास घेतला.

भर दुपारी पुढच्या दाराचं कुलूप उघडलं. मामा तर बाहेरच्या खोलीत घोरत होता! पावलं आत आली. बटण दाबलं गेलं. टिक्... खर्र... टिक्... खुर्ची सरकली.

फटीतून टाचणीला पाठमोरे बाबा दिसले. पायात बूट, कानावर आईचे हेडफोन. ते काही करत नव्हते. नुसते ऐकत होते.

"बाबा?" भोंगा म्हणाला. खरंच हळू म्हणाला. पण त्याच्या हळूला हेडफोन कुठला अडवणार!

बाबा दचकून उठले. त्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलासारखा झाला. "जेवणाच्या सुट्टीत येतो," ते म्हणाले. "पाचच मिनिटं. तुम्ही पोहायला गेला असाल असं..."

"बाबा, आधी ते बंद करा," टाचणी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "तुम्ही ऐकताय तशी ती संपत चाललीय!"

बाबांनी बंद केलं. बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि मग ते खुर्चीत बसले, बसले ते उठेचनात.

एवढ्यात गडबडीनं मामा जागा झाला. "काय बिघडलंय? मला सांगायचं नाही का! ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर मीच बघतो."

"बंद करून चालू करता, पप्पा," वकील म्हणाली.

"गप्प बस. दाजी, कुठले फोल्डर आहेत यात? 'अंतिम', आणि... हे काय? 'रद्दी'? घरभर जागा अडवून बसलीय ही! आधी ही उडवू, डिस्क हलकी होईल, मग दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावू. दाजी, काळजी करू नका."

"मामा, नाही!" टाचणी किंचाळली.

"अगं, ताईनं स्वतःच रद्दी म्हटलंय ना? जा, तुम्ही पोहायला जा. आधी चहा घेतो, मग बसतो."

चहा घेऊन मामा आला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही होईना. वाकून पाहिलं तर विजेची केबलच गायब! मामानं पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, उशीही झटकली. भोंगा तेवढा दारात ताठ उभा होता. नेहमीपेक्षा अंमळ जाड दिसत होता.

"तू रे, पोट सुटलं का तुझं?"

"सुट्टी आहे ना!" भोंगा म्हणाला, आणि त्याच्या शर्टाखालून केबलचं टोक लोंबू लागलं.

मामाला हसावं की रागवावं कळेना. तेवढ्यात टाचणी पुढे झाली.

"मामा, 'अंतिम'मधलं सगळं वाचनालयाकडे आहे. ते गेलं तरी परत मागता येईल. पण त्यात आई पाहुण्यांशी बोलल्यासारखी बोलते. 'रद्दी'त ती आमच्याशी बोलते. ती फक्त इथे आहे. आधी रद्दीच उतरवायची."

झटकलेली उशी मामानं हळूच परत जागेवर ठेवली. बाबा खुर्चीतून उठले. "टाचणी सांगेल तसं होईल," ते म्हणाले.

"आता प्रश्न, कुठे उतरवायचं?" वकील म्हणाली. "पप्पांच्या लॅपटॉपला लावायच्या छोट्या डिस्कवर! सिनेमांनी भरली होती, आम्ही चहाच्या वेळात जागा केली."

"माझे सिनेमे पुसले?"

"तुम्ही पाहता पाहता झोपलात तेवढेच. म्हणजे जवळपास सगळे."

भोंग्यानं शर्ट वर करून केबल सोडली. कॉम्प्युटर चालू झाला. टिक्... टिक्... स्क्रीनवर एक हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. भोंगा पुठ्ठ्यानं डब्याला वारा घालत होता; त्याचा काही उपयोग नव्हता, पण कुणी त्याला थांबवलं नाही. मध्येच पट्टी अडली. खर्र... खर्र... टाचणीनं टेबलाची कड घट्ट धरली. पुन्हा सरकली. पुन्हा अडली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं!" वकील ओरडली. "रद्दी आली! पूर्ण!"

मग 'अंतिम' उतरवायला घेतला. तो अर्ध्यावर आला आणि आतून काचेवर नख ओढल्यासारखा आवाज आला. स्क्रीन काळी झाली. नंतर कुणी कितीही बटण दाबलं असतं, तरी काही उपयोग नव्हता.

"मी दुरुस्ती लावली असती तर," मामा हळूच म्हणाला, "हे आधीच झालं असतं. आणि रद्दी तर मी माझ्या हातानं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. भोंग्याच्या डोक्यावर टपली मारली. "शाब्बास रे जाड्या! आणि तुम्ही दोघी... तुमच्यापुढे आम्ही कच्चे लिंबू."

"आमचं चुकलं," बाबा म्हणाले. "तुम्ही वाचवलीत ती."

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर मामाच्या लॅपटॉपभोवती सगळे बसले. आई शिंकली. एका जोडाक्षरावर तीनदा अडखळली आणि स्वतःशीच खो खो हसत सुटली. "अगं बाई, दूध!" म्हणून धावली, आणि मग नुसती रिकामी खोली ऐकू येत राहिली. भोंग्याची आरोळी आली तेव्हा भोंगा स्वतःच दचकला. मामा हसता हसता उठला, पाणी पिऊन येतो म्हणाला, आणि बराच वेळ आला नाही.

मग एक छोटा तुकडा आला. आईनं एक लांबलचक वाक्य एका दमात वाचलं. थांबली. खुर्ची वळल्याचा आवाज आला.

"तू कधीची उभी आहेस गं टाचणे? ऐकलंस ना? कसं वाचलं मी?"

पुढे टाचणीचं उत्तर नव्हतं. टाचणीला तो दिवस आठवेना. शाळेतून आली असेल, दप्तर खांद्यावर असेल, खांदे उडवले असतील. खांदे उडवलेले रेकॉर्ड होत नाहीत. नुसती शांतता पसरत राहिली. मग आई हसली, "बरं, राहू दे," म्हणाली, आणि तुकडा संपला.

वकील पुढचा तुकडा लावायला वाकली. टाचणीनं तिचा हात धरला.

"छान वाचलंस, आई," ती मोठ्यानं म्हणाली. "खूप छान वाचायचीस तू."