भर खाडीतली मागणी

पायाला चिखल माखलेली ती मुलगी दुकानात शिरली, तेव्हा मुनीर डब्यात रॉकेल ओतत होता.

"आमसुलं आहेत?"

त्यानं वर पाहिलं... आणि रॉकेल डब्याबाहेर वाहू लागलं.

"अहो, डबा—"

"हो... आहेत."

"आमसुलं?"

"तीपण!"

१९६४ सालचं दुबई म्हणजे खाडीच्या दोन तीरांवर वसलेलं टीचभर गाव. मुंबईहून आगबोट आली की कोण उतरलं, कुणाकडे उतरलं, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला ठाऊक. त्यामुळे मुनीरला चौकशीसुद्धा करावी लागली नाही. ही दाभोळची बिलकीस. पलीकडे देऱ्यात राहणाऱ्या मैमुनाबीची धाकटी बहीण, तिच्या बाळंतपणासाठी तीन महिने आलेली.

मग मैमुनाबीच्या घरात रोज काहीतरी संपू लागलं. कधी हळद, कधी साबण.

"साबण कालच नेलात ना?"

"दुबईत लवकर झिजतो, मुनीरभाई."

"की यायला निमित्त लागतं?"

"वा! आमसुलं दुसरीकडे मिळत नाहीत म्हणून येते..." ती ठसक्यात म्हणायची, पण ओढणीआडून डोळे हसायचे.

सगळं कसं गोड चाललं होतं. खटकत होतं ते 'भाई', आणि त्याहून जास्त तो हमीद.

हमीद होडीवाला. माणसं या तीरावरून त्या तीरावर न्यायचा. दुसऱ्या दहा होड्या रिकाम्या असल्या तरी बिलकीस त्याच्याच होडीसाठी थांबायची. मुनीरला 'अहो' आणि 'भाई', आणि त्याला सरळ, "अरे हमीद, यल्ला, चल लवकर, उशीर झाला!" दोघांचं हसणं पाण्यावरून थेट दुकानात यायचं, आणि मुनीरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. काय एवढं हसतात? काय आहे त्याच्यात?

मत्सर माणसाला हलका करतो, आणि मुनीर चांगलाच हलका झाला. हमीद रॉकेल मागायला आला की मागे डबे भरलेले असूनही हा म्हणायचा, "खलास!" एकदा तर भर बाजारात, "पायाला चिखल आहे, पायरी चढू नकोस," असं त्याला सुनावलं. हमीद हसून पायरीवरून उतरला. त्यानं तर मुनीर आणखीच जळला.

आगबोट मंगळवारची होती. रविवारी बिलकीस आली ती काही न्यायला नाही.

"परवा जाते. काही... सांगायचंय?"

हीच ती वेळ होती. पण मुनीरच्या जिभेवर भलतंच आलं.

"मी काय सांगणार? हमीद आहे ना तुमचा! त्यालाच न्या बरोबर."

तिचे डोळे भरले, मग ती संतापली. "हमीदला? अहो, अम्मी आजारी होती तेव्हा त्याच्या आईनं मला पाजलंय! दूधभाऊ आहे तो माझा."

मुनीर गोणीवर मटकन बसला. एका आईचं दूध प्यायलेली मुलं सख्ख्या भावंडांसारखी, त्यांचा निकाह होत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. आणि तो दोन महिने एका भावावर दात धरून होता!

"बिलकीस... जाऊ नका. मला तुम्ही फार आवडता. जळून कोळसा झालो मी."

ती लाजून लाल झाली. "मला सांगून काय उपयोग? अब्बा गेल्यापासून आमच्या घरात शब्द हमीदचा. माझं विचाराल तर—"

"तर?"

"माझं हो कधीचंच आहे."

मुनीर धावतच घाटावर गेला आणि हमीदच्या होडीत बसला. भर खाडीत आल्यावर कसंबसं तोंड उघडलं. "हमीदभाई, चुकलो मी. माफ करा. मला... बिलकीसशी निकाह करायचाय."

हमीदनं वल्ही थांबवली. मग वल्ही त्यानं मुनीरकडे ढकलली.

"दाभोळची पोरगी आहे. होडी येते वल्हवता?"

मंडणगडच्या डोंगरात वाढलेल्या मुनीरनं वल्हं जन्मात हातात धरलं नव्हतं. होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. दोन्ही तीरांवर माणसं जमली. मागोमाग आलेली बिलकीस घाटाच्या पायरीवर पोट धरधरून हसत होती. मुनीर घामाघूम झाला, हाताला फोड आले, पण त्यानं वल्हं सोडलं नाही.

"बस," हमीद शेवटी म्हणाला, "चारचौघांत तूही आपलं हसं करून घेतलंस, झाली फिटंफाट. निकाह उद्याच, सोमवारी, इन्शाल्ला. तिला सांग, तिकीट परत कर."

"आत्ता सांगतो! चला, परत न्या ना..."

"मी कशाला?" हमीद पाय पसरून आरामात रेलला. "माझ्या बहिणीचा नवरा, होणारा दुलाभाई तू. लाव काठाला."