मनगटाची लाल दोरी

तुम्ही मघापासून बोटीच्या वेगाचं कौतुक लावलंय म्हणून सांगतो. आमच्या इंजिनवाल्या मिस्त्रीच्या बाबतीत घडलेलं आहे हे, तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. गेल्या वर्षी, अमावास्येच्या आदल्या रात्री. दहा वाजून गेले होते.

काम साधंच होतं. मिस्त्रीच्या मेहुण्याने, बायकोच्या पाठच्या भावाने, एक वेगवान बोट स्वस्तात घेतली होती. मागे दोन दणकट इंजिनं, गळ लावायला ऐसपैस जागा, हौशी लोकांना फिरवायला झकास. ती भरतीच्या पाण्यावर पलीकडच्या धक्क्याला न्यायची होती. निघताना बायकोने मिस्त्रीला बजावलं, एकुलता एक भाऊ आहे माझा, धडधाकट परत आणा.

बोट स्वस्त का, ते मिस्त्रीला ठाऊक होतं. अशा बोटीत एक लाल दोरी असते. एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायचं, दुसऱ्या टोकाची क्लिप इंजिनच्या बटणात. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. आधीच्या मालकाला त्या दोरीची कटकट वाटायची. डब्यात एक बिनदोरीची क्लिप जास्तीची असते, ती त्याने बसवली आणि दोरी दिली समुद्रात फेकून. मग एका रात्री तो पडला. रिकामी बोट गोल फिरली आणि त्याच्याच अंगावर आली. जागीच संपला.

मिस्त्रीने निघायच्या दिवशी सकाळीच नवी कोरी दोरी आणून लावली होती. पण मेहुणा म्हणजे पायाला भिंगरी. जरा मागे सोडलेल्या गळाकडे वळला की दोरीला हिसका, इंजिन बंद. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्याचं डोकं फिरलं. बिनदोरीची क्लिप लावली आणि दोरी भिरकावली पाण्यात.

"दाजी, मी काय दावणीचं जनावर आहे?"

मिस्त्रीने त्याला बरंच समजावलं. ऐकतोय कोण? शेवटी मिस्त्री बॅटरी घेऊन पुढच्या टोकाला बसला, वाटेत कुणाची जाळी आहेत का बघायला. जीव मात्र टांगणीला. सारखा मागे वळून बघत होता.

मेहुणा उभ्याने चालवत होता. वेग वाढला. आणखी वाढला.

एक लाट...

बोट उडाली. आपटली. मिस्त्रीने मागे बघितलं. स्टिअरिंगवर कुणी नाही.

बोट वळू लागली. गोल... मिस्त्री रांगत निघाला. पोचणार नव्हता. समोर पाण्यात मेहुण्याचं डोकं दिसलं. दहा हातांवर...

इंजिनं बंद पडली. दोन्ही.

शांतता...

मिस्त्रीने बॅटरी मारली. बिनदोरीची क्लिप बटणात जागच्या जागी होती.

त्याने मेहुण्याला कसाबसा वर ओढला. पोरगा खारं पाणी थुंकला. मग म्हणाला,

"मागून येऊन दोरी बांधलीत, दाजी, म्हणून वाचलो. पण हात... हात केवढा गार तुमचा."

 मेहुणा पडेपर्यंत मिस्त्री पुढच्या टोकावरून उठलाच नव्हता.

मेहुण्याच्या मनगटाला खरंच दोरी होती. गाठ सुटेना. धक्क्यावर सुरीने कापावी लागली.

तिचा लाल रंग पार उडालेला. शेवाळ धरलेलं. आणि गाठीत बारके शिंपले चिकटलेले... जिवंत.